महबूलातली मुलाखत आणि तिची दुसरी प्रत

मॅडम समाजशास्त्राच्या. आफ्रिकेतून आखातात आलेली तरुण मुलं मोबाइल-इंटरनेटवर कमाई कशी करतात, हा त्यांचा विषय. मी दहावीनंतर शाळा सोडलेला, पण टायपिंग बिनचूक, म्हणून मला सोबत नेलं. विमानतळावर मी पासपोर्ट पुन्हापुन्हा चाचपत होतो. मॅडम त्यांचा टॅक्सीत विसरल्या; टॅक्सीवाला तो द्यायला परत आला म्हणून निभावलं. सुरुवातच अशी!

कुवेतमध्ये राहायला महबूला हा भाग बरा. भारतीय खानावळी आहेत, दिनारभराची बिर्याणी दोघांना पुरते, शहरात जायला बस मिळते. मे महिन्यात मात्र जाऊ नका. आम्ही मेमध्येच गेलो, कारण मॅडमना तेव्हाच सुट्टी.

पहिले काही दिवस कोणी बोलेना. बोलणार कसं? मॅडम भर दुकानात विचारायच्या, "आपकी आय के स्रोत क्या हैं?"

"आप पुलिस है?" एकाने विचारलं आणि शटर ओढलं.

अखेर आफ्रिकेतून आलेला इद्रिस भेटला. मोबाइलच्या दुकानात नोकरी, भारतीय रूममेट, त्यामुळे हिंदी फर्डी. खोलीवर बसून तो तासभर बोलला, दुकानाबाहेर इंटरनेटवर करत असलेल्या कामाबद्दल. कोणतं काम ते लिहीत नाही. नावही बदललं आहे.

तो चहा करायला उठला तेव्हा मी रेकॉर्डर लॅपटॉपला लावून मुलाखत पेनड्राइव्हवर घेतली. मॅडमचा भरवसा नाही.

चहा घेऊन आला तो चेहरा पाडून. "मैडम, मिटा दो. कफील को पता चला तो सीधा घर भेजेगा." कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा, तो मालक.

"नाम बदल दूँगी."

"आवाज़ कैसे बदलोगी?"

मॅडमनी रेकॉर्डरकडे पाहिलं. अख्ख्या दौऱ्यातली एकुलती एक मुलाखत. पुसली.

मी खिशातला पेनड्राइव्ह पुन्हापुन्हा चाचपत होतो. गप्प बसता आलं असतं. "मॅडम, पेनड्राइव्हवर अजून एक आहे."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. तुम्ही मुलाखत हरवाल म्हणून."

इद्रिसला मराठी कळत नव्हती, पेनड्राइव्ह कळला. "और कितनी?"

"बस, यही."

त्याने ती स्वतः पुसली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "पियो, डरपोक."

पुण्याला परतल्यावर मॅडमचा फोन. "अरे, तू नीट ऐकत होतास. आठवेल तेवढं टाइप करून दे ना."

"काहीच आठवत नाही, मॅडम."

"एवढा काटेकोर मुलगा तू!" फोन आपटला.

तो तास अख्खा डोक्यात आहे, इद्रिसच्या खोकल्यासकट. कुवेतहून काय आणलंस, असं कोणी विचारलं की मी खजूर पुढे करतो.