चुन्याची वाकडी रेघ

मंडळी, जयभीम. राठोडबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून या पुस्तकासाठी मलाही बोल म्हणाले. मी तिसरी शिकलेली. सांगितलं मी, लिहून घेतलं सुनेनं.

आमची पहिली ओळख भांडणातली. बाई नगरपालिकेत इंजिनिअर. लोहाऱ्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला सायकलींसाठी वेगळी वाट करायची म्हणून त्यांनी चुन्याची रेघ मारली, ती नेमकी माझ्या बसायच्या जागेवरून. तिथंच तरट टाकून मी वांगी नि सांभाराच्या हिरव्या जुड्या विकते. जागा गेली की चूल गेली. मी झाडूनं रेघ साफ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा झाडू. चौथ्या दिवशी बाई सायकल लावून समोर उभ्या.

"आजी, हात दुखत नाही का?"

"तुमचा दुखते का चुना टाकून?"

दुसऱ्या कोणी पोलीस आणला असता. बाई हसल्या, माझ्या तरटावर बसल्या. "रंगाच्या आधी मी मुद्दाम चुनाच टाकते. चुकलं तर पुसता येते. तुम्ही रोज पुसून राह्यल्या, म्हणजे माझं चुकलं असन. काय चुकलं ते सांगा."

ऑफिसातल्या माणसानं माझी चूक सोडून स्वतःची विचारावी, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कापसानं दगा दिल्याची ती वर्षं. गावं सोडून लोक शहरात खोल्या करून राहिले. बाया लोहाऱ्याच्या कारखान्यांत पायी जायच्या, बाजूनं ट्रक. बाईंनी दर रविवारी शाळेच्या मैदानात त्यांना लुगड्यासकट सायकल शिकवली. नगरपालिकेत साहेबांच्या गाड्या लावायची सावलीतली जागा सायकलींना दिली. एक साहेब म्हणाले, "माझी गाडी उन्हात तापते." बाई म्हणाल्या, "सायकलची सीटही तापते, साहेब."

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरटावर बसलेल्या बाईंना मी विचारलं, "कोणासाठी हा उपद्व्याप?"

"तुमच्या सुनेसाठी. रविवारी माझ्याकडं सायकल शिकते ती. परवा ट्रकखाली येता येता वाचली. घरी सांगितलं नाही तिनं?"

नव्हतं सांगितलं. बाईंनी चुन्याचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं. "आता तुम्ही ओढा."

मी तरटाला चांगला वळसा घालून रेघ ओढली. बाईंनी तिच्यावरून सायकल नेली. वळणावर चाक सटकलं ते थेट ट्रकच्या रस्त्यात. बाई पाय टेकून उभ्या राहिल्या. उद्या तिथून सून जाणार होती. मी उठले, तरट हातभर मागं ओढलं नि रेघ नव्यानं मारली, वळण कमी करून.

पुढं पक्का रंग दिला तोही तसाच वाकडा. वरून हुकूम आला, रेघ सरळ करा. बाईंनी कळवलं, "ती आजीनं आखली आहे, बरोबर आहे."

मी सहसा कोणाला मानत नाही. पण कोणाची जागा न हिसकता सगळ्यांना वाट करून देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. अजून नवल वाटते.

राठोडबाई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, छातीत दम राहो. रोज सकाळी वळणावर घंटी वाजवता, तशीच वाजवत राहा. म्हातारपणी हँडल डगमगलंच, तर मी तरट अजून हातभर मागं घेईन.