दादाच्या छातीवरचं उडदाचं आळं

सांगलीहून सकाळची कणकवली गाडी सुटली. दादानं माझ्याकडून खिडकीची जागा काढून घेतली, पाय लांब केले आणि स्टँड मागे पडायच्या आत सांगून टाकलं, "सुमे, हार्टच्या गोळ्या मी घरी टीव्हीवर ठेवून आलोय. आजपासून बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिन्यांपूर्वी ह्याच्या हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, की रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही. आम्ही धामापूरला आयुर्वेदिक उपचारांना निघालो होतो, ते त्याच डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या जोडीला म्हणून. पण दादाचं म्हणणं वेगळं होतं. दोन दवाखान्यांत पाय ठेवला तर वैद्याचा अपमान होतो म्हणे. माझा भाऊ वजनमापे खात्यातून निवृत्त झालाय, वयाची सत्तरी ओलांडलीय, आणि वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांशी भांडत राहतो. मी त्याला चांगली ओळखते. गोळ्यांचा दुसरा संच माझ्या पर्समध्ये होता.

राधानगरीला गाडी थांबली. मी एक केळं घेतलं, अर्धं सोलून त्यात गोळी दाबली आणि साळसूदपणे पुढे केलं. दादानं केळं उघडून पाहिलं. "आपल्या मोत्याला जंताची गोळी आपण अशीच द्यायचो," तो म्हणाला. गोळी त्यानं माझ्या तळहातावर परत ठेवली आणि केळं खाऊन टाकलं.

फोंडा घाट उतरलो तशी हवा दमट झाली. भातं कापून झाली होती, रिकाम्या मळ्यांत गुरं चरत होती. नांदगावच्या तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात ती जागा) गाडी थांबली आणि दादाला शहाळं दिसलं. कंडक्टर नको नको म्हणत असताना तो उतरला, मी बॅगा घेऊन त्याच्यामागे उतरले, आणि गाडी आम्हाला तिथेच सोडून गेली. शहाळं मात्र गोड निघालं.

धामापूरकडचीच एक रिक्षा भाडं सोडून परत चालली होती. चालवणारे बाबलकाका पन्नाशी ओलांडलेले, आवाज भजनाचा. त्यांनी बॅगा बघितल्या, दादाचा चेहरा बघितला आणि सरळ विचारलं, "हार्ट काय ओ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वैद्यबायकडे येतत ती माणसां दोनच. एक गुडघेवाली, एक हार्टवाली. गुडघेवाली रिक्षेत चढतानाच आरडतत." मग कणकवली जाईपर्यंत ते आपल्या काकांच्या हार्टविषयी बोलत होते. काका बांधावरच्या फणसासाठी सख्ख्या भावाशी कोर्टात भांडले. केस जिंकली तसं छातीत दुखायला लागलं, कारण भांडायला कोणी उरलं नाही. "भावान अपील केल्यान आणि काका बरो झालो," बाबलकाका म्हणाले. दादानं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघत राहिले.

आमची राहायची सोय फिलोमिनाबाईंकडे होती. घरासमोर तुळस नाही, क्रूस आहे, एवढाच काय तो फरक. बाकी अंगण, माड, कोंबड्या, सगळं शेजाऱ्यांसारखंच. त्यांचा एक मुलगा गोव्यात शिक्षक आहे. जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं होतं. दादानं ताट सरकवलं. उपचार संपेपर्यंत आपण शाकाहारी, असं त्यानं जाहीर केलं.

फिलोमिनाबाईंनी विचारलं, "दादानू, वैद्यबायन सांगल्यान तसा?"

"नाही, मीच ठरवलं."

"मगे बांगड्यान तुमचा काय केल्यान?" असं म्हणून त्यांनी त्याला कुळथाची पिठी वाढली आणि त्याचा बांगडा माझ्या ताटात टाकला. रात्रीची गोळीही दादानं घेतली नाही. मी ओरडले, रडले, वहिनीची शपथ घातली. तो कानाला मफलर बांधून झोपला. मला मात्र झोप आली नाही, दर थोड्या वेळानं त्याचा श्वास चालू आहे का ते ऐकत होते.

वैद्यबाईंचं घर तलावाच्या वरच्या अंगाला आहे. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला तीन कोंबड्यांनी अडवलं. त्या फिलोमिनाबाईंच्याच, पण दिवसभर इथे असतात. छातीवरच्या उपचाराला उडदाच्या पिठाचं आळं लागतं, आणि काम झालं की ते पीठ ह्या कोंबड्यांना मिळतं. औषधी तेलात मुरलेलं पीठ खाऊन त्यांची हृदयं इतकी भक्कम झालीत, की धावून धावून त्या दमतच नाहीत, असं गावाचं मत आहे. त्यातली एक नाताळापासून कापायची ठरलेली, पण अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. त्यांना हाकलण्यात मी मागे राहिले आणि आत दादाची तपासणी उरकलीसुद्धा.

मी पोचले तेव्हा दादा उताणा झोपला होता. छातीच्या डाव्या बाजूला झाडाला करतात तसं पिठाचं गोल आळं, त्यात कोमट तेल भरलेलं. ह्याला हृद्बस्ती म्हणतात. तेल निवलं की कापसानं टिपून काढायचं आणि पुन्हा कोमट ओतायचं. वैद्यबाई तिशीतल्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचंही नाही. आळं फुटतं."

दादा बोलू शकत नाही, हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. आयुष्यात अशी संधी मला कधी मिळाली नव्हती.

"मॅडम, ह्यानं कालपासून हार्टची गोळी घेतलेली नाही," मी म्हणाले.

वैद्यबाईंचा हात थांबला. "मला तर सांगितलं, चालू आहेत."

"खोटं सांगितलं. हा माणूस मोडलेल्या लग्नालाही, येतो असा शब्द दिला होता म्हणून, रिकाम्या हॉलवर जाऊन बसून आलेला आहे. आणि तुमच्याशी खोटं बोलला." मग मी बरंच काही बोलले. दादाचे डोळे छताकडे, कान लाल. तेलावर बारीक तरंग उठायला लागले. शेवटी त्याला सहन झालं नाही, तो "सुमे" म्हणत ताडकन उठला आणि सगळं तेल त्याच्या पोटावरून लेंग्यात उतरलं. आळं जमिनीवर पडलं. कोंबड्या आत आल्या त्या कोणाला विचारून आल्या नाहीत.

वैद्यबाईंनी आधी त्याची नाडी बघितली, रक्तदाब घेतला. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, ते विचारलं. मग आमच्या डॉक्टरांना फोन लावून बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "आत्ता, माझ्यासमोर गोळी घ्यायची. माझ्या तेलानं रक्तवाहिनीतला अडथळा विरघळत नाही, काका. झोप बरी लागते, जीव थोडा शांत होतो. ते त्या गोळ्यांच्या जोडीला आहे, बदली नाही. गोळी घेणार नसाल तर मी तेलाचा थेंब लावणार नाही."

"मग मी दुसरा वैद्य बघतो," दादा म्हणाला.

परतताना तो पायवाटेवर थांबला. तेलानं लेंगा पायाला चिकटला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गोळी घेतली ना, की रोज आठवतं मी आजारी आहे. तेल लावलं की वाटतं, कोणीतरी लाड करतंय." मला त्याचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदमच.

मी फिलोमिनाबाईंना सांगितलं की आम्ही आजच परत जातो, स्टँडसाठी रिक्षा बोलवा. का, तेही सांगितलं. बाबलकाका आले. त्या दोघांचं पडवीत हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मग फिलोमिनाबाई नारळ, केळी आणि विडीचं बंडल घेऊन बाहेर आल्या. "राखणदाराक (हद्द सांभाळणारा देव) सांगल्याशिवाय हयसून कोण जायत नाय," त्या म्हणाल्या. क्रूसाला हात लावून त्या पुढे झाल्या आणि आम्ही मागून.

वाटेच्या कडेला सातविणीच्या झाडाखाली एक शेंदूर नसलेला दगड. बाबलकाकांनी चपला काढल्या, विडी पेटवून दगडापुढे ठेवली. दादानं दीड वर्षापूर्वी विडी सोडलीय, त्याचं नाक आपोआप तिकडे वळलं. "मी गाऱ्हाणा घालतंय (देवापुढे मागणं मांडणं). मी थांबलंय की सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणूचा. मोठ्यान. नायतर तेका आयकाक येणा नाय," काकांनी बजावलं. दादा देवाधर्माचा नाही, पण कार्यपद्धती कळली की तो ती चोख पाळतो.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही भाव-भैण सांगलेसून तुझ्या पायाकडे इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या वाटेर काय इडा-पिडा आसात ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" दादाचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

काकांनी मधे श्वासच घेतला नाही. "ह्यो भाव डॉक्टरान दिलेली गोळी रोज न चुकता घेतलो, असो तुका शबुद देता!"

"व्हय म्हाराजा!" दादा म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि ही भैण तेच्यार आरडूचा सोडतली, असो तुका शबुद देता!"

"व्हय म्हाराजा!" हे मी म्हणाले. माझंही तोंड उघडं राहिलं.

नारळ फुटला. दादा म्हणाला, ही फसवणूक आहे. बाबलकाका शांतपणे म्हणाले, "मगे आता राखणदाराक तसा सांगा. माका सांगान काय उपयोग?" दादा दगडाकडे वळला. विडी अजून धुमसत होती. ती विझली तसा त्यानं माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समधली गोळी दिली, ती त्यानं नारळाच्या पाण्याबरोबर घेतली. हातातली नारळाची कवड फिलोमिनाबाईंनी काढून घेतली आणि दुपारी बांगडा तळू का कढी करू, ते विचारलं. वैद्यबाईंनी तळलेलं नको म्हटलं होतं, म्हणून बांगड्याची पातळ कढी झाली. ती दादानं खाल्ली.

पुढचा आठवडा त्याच्या छातीवर रोज आळं झालं आणि एकदाही फुटलं नाही. गोळी रोज घेतली जात होती. मी बघत होते आणि मूग गिळून बसत होते. फिलोमिनाबाईंचं लक्ष माझ्यावरच होतं. संध्याकाळी आम्ही तलावाच्या काठी जायचो. पाणी हलत नसे. दादा कधी चप्पल न घालता चालायचा, कधी शेवाळलेल्या पायरीवर बसायचा, आणि मी दातओठ खाऊन दुसरीकडे बघायची. निघताना वैद्यबाईंनी तेल दिलं नाही. म्हणाल्या, घरी हा उद्योग करू नका, गोळ्या घ्या, चाला आणि तिकडच्या डॉक्टरांना भेटत राहा.

घरी येऊन आता बरेच दिवस झालेत. टीव्हीवरच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर आल्यात. परवा सकाळी चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी दादा गोळीला हात लावेना. ती पाण्याच्या भांड्याशेजारी तशीच. माझा जीव वरखाली होत होता, पण शब्द दिलेला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, तेवढंच.

थोड्या वेळानं दादा दारात येऊन उभा राहिला. गोळी त्याच्या मुठीत होती.

"सुमे, काहीतरी बोल," तो म्हणाला. "धामापूरपासून तू माझ्यावर ओरडलेली नाहीस. सकाळी डोळे उघडले, घर शांत, आणि मला वाटलं, मी गेलोच. राखणदाराला काय सांगायचं ते मी सांगेन. तू ओरड."

मी भांडं खाली ठेवलं आणि ओरडले. शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या, इतकी ओरडले. दादा सगळं ऐकेपर्यंत थांबला आणि मग त्यानं गोळी घेतली.