अप्पांची छाती आणि आमचं भजनी मंडळ

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या मंडळात शनिवारचं भजन संपून चहा आला, की कुणाला तरी आपला जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आठवतोच! मी पडले फार्मसिस्ट. त्यामुळे किस्सा आधी माझ्या कानावर येतो आणि डोक्याला हातही आधी मीच लावते!

*

अप्पा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. छातीत दुखायला लागलं, म्हणून जीपीने त्यांना तूप कमी करायला सांगितलं. अप्पांनी प्रकरण थेट मंडळापुढे मांडलं. हात वर करून मतदान! तूप भरघोस मतांनी निवडून आलं.

"अहो अप्पा, डॉक्टर आहेत ते!" मी ओरडलेच.

"असतील. पण ते एकटे, आणि आपण सगळे!"

*

अप्पांची बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची. संकष्टीला जेवण चंद्र बघून. आणि कॉव्हेंट्रीचं ढगाळ आभाळ तुम्हाला माहीतच आहे! चंद्र दिसला नाही, की गोळी दुसऱ्या दिवसावर.

मी हादरले. नलूकाकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, चांगलं झापलं. पुढच्या संकष्टीला काकूंनी फोनकार्ड घासून पुण्याला बहिणीला फोन लावला आणि इथल्या भर दुपारी अप्पांना जेवायला वाढलं.

"चंद्र?" मी विचारलं.

"पुण्यात उगवला की! चंद्र काय दोन आहेत?"

*

पुढच्या खेपेला जीपीने छाती तपासायला शर्टाची बटणं काढायला सांगितली. आत छातीभर अंगारा! स्टेथोस्कोप हातात धरून बिचारा बघतच राहिला.

अप्पा शांतपणे म्हणाले, "यू कॅरी ऑन, डॉक्टर. दिस इज ओन्ली फर्स्ट एड!"

*

मग एक दिवस अप्पांना हॉस्पिटलमध्येच दाखल करावं लागलं. बायपास लगेच करायला हवी, नाहीतर जिवाला धोका, असं सर्जनने स्पष्ट सांगितलं. अप्पांनी त्यालाच उलट विचारलं, "डू यू बिलीव्ह इन गॉड?"

"आय अ‍ॅम अफ्रेड नॉट," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग ऑपरेशन नाही! ज्याला वरच्याचा धाक नाही, त्याच्या हातात मी छाती देऊ?"

काकू रडून थकल्या. मी हात जोडले, भांडले. अप्पा ढिम्म! माणूस हट्टापायी जाणार, असं दिसू लागलं. शेवटी मी आमच्या मंडळात भजन गाणाऱ्या बुवांना बोलावून घेतलं. पेटी त्यांची, गळा त्यांचा. त्यांच्या अभंगाला अप्पांचे डोळे हटकून भरून यायचे. ते समजावतील, अशी माझी आशा.

बुवा पलंगाशी बसले. "अप्पा, खरं सांगू? देव मीसुद्धा मानत नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"मग एवढी वर्षं गातोस ते?" अप्पा कोपरावर उठले.

"मनापासून गातो. कधी खोटं वाटलं तुम्हाला?"

"नाही, कधीच नाही," अप्पा पुटपुटले. मग नर्सला म्हणाले, "कॉल द सर्जन. आय अ‍ॅम रेडी."

आणि बुवांकडे वळून कडाडले, "छाती देतो मी त्याच्या हातात. पण शनिवारी तू पेटीला हात लावलास, तर याद राख!"