तीनशे बारा क्रमांकाचा खेळाडू

विल्फ ओल्डरॉइड थॉर्नशॉ रोव्हर्स या फुटबॉल क्लबकडून एकच सामना खेळला आणि त्यात त्यानं एकच गोल केला. तारीख दोन सप्टेंबर एकोणीसशे एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी युद्ध जाहीर झालं. लीगनं हंगाम रद्द केला आणि झालेले तीन सामने नोंदींतून काढून टाकले. चार हजार माणसांनी पाहिलेला तो गोल त्यानंतर कुठंच धरला गेला नाही.

त्याचा मेहुणा सिरिल मिडगलीही एकच सामना खेळला, सेहेचाळीसच्या ऑक्टोबरात. रोव्हर्स पाच-शून्य हरले. पाचातला एक गोल सिरिलच्याच गुडघ्याला लागून आपल्या जाळ्यात गेला होता. तो मात्र धरला जातो.

सत्त्याऐंशी साली क्लबला शंभर वर्षं झाली तेव्हा मी तिथल्या कचेरीत टंकलेखन करत होते. पिकल्स मास्तर क्लबचा इतिहास लिहीत होते. पुस्तकाच्या शेवटी लीगचा सामना खेळलेल्या प्रत्येकाचं नाव येणार होतं, पदार्पणाच्या क्रमानं आकडा घालून. शताब्दीच्या सामन्याला हयात असलेले सगळे त्याच क्रमानं मैदानात चालत जाणार होते.

विल्फ तीस वर्षं मैदानाच्या पूर्वेकडच्या फिरत्या फाटकावर, तिकीट बघून एकेकाला आत सोडायला बसत आला होता. एका शनिवारी सिरिल मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला तीनशे बारा नंबर मिळतोय म्हणे. तुझा कितवा, विल्फ?"

"मी फाटक सोडलं तर तू आत. एवढाच माझा नंबर. सरक पुढं."

रांग हसली, विल्फही हसला. पण सामना संपल्यावर तो कचेरीत आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "रद्द म्हणजे नक्की काय गं? म्हणजे मी तिथं नव्हतोच का?"



अडचण आली ती सिरिलच्याच नावाची. मैदानावर विकल्या जाणाऱ्या, दोन्ही संघांची नावं असलेल्या त्या सामन्याच्या छापील पत्रिकेत त्याच्या जागी हार्टली नावाच्या खेळाडूचं नाव होतं. हार्टलीला त्या सकाळी गालगुंड झालं आणि सिरिलला कारखान्यातून थेट मैदानावर आणलं गेलं. कागदाच्या टंचाईमुळे वर्तमानपत्रानं फक्त निकाल छापला होता. असा बदल भोंग्यावरून सांगितला की प्रेक्षक आपापल्या पत्रिकेत छापील नाव खोडून पेन्सिलीनं नवं लिहायचे. तेवढाच पुरावा उरला होता, आणि सेहेचाळीसच्या सगळ्या पत्रिका जपून ठेवणारा गावात एकच माणूस होता: विल्फ.

"बघतो," असं तो दोन आठवडे म्हणत राहिला. तिसऱ्या गुरुवारी पत्रिका घेऊन आला. सिरिल आधीच येऊन खुर्चीत बसला होता.

पिकल्स मास्तरांनी भिंग लावलं. हार्टली खोडलेला, बाजूला मिडगली. पण तिथला कागद घासून पातळ झाला होता आणि पेन्सिल नवी, चकचकीत होती.

"हे एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं नाही," मास्तर हळूच म्हणाले. "विल्फ, मेहुण्यासाठी केलंस, समजू शकतो मी. तुझ्या मनाचा मोठेपणा आहे. पण हे मला धरता येणार नाही."

सिरिलचा चेहरा उतरला. त्यानं विल्फकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात चक्क कृतज्ञता होती.

विल्फनं नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. सिरिल यादीबाहेर गेला असता, आणि वर विल्फच्या चांगुलपणाची गावभर चर्चा झाली असती. त्यानं चहाचा कप उचलला. न पिताच खाली ठेवला.

"आधीही तेच लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी स्टँडात उभं राहून मीच लिहिलं होतं. परवा मीच रबरानं पुसलं. काल परत लिहिलं."

"पुसलंस कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला नंबर मिळणार होता म्हणून."

मास्तरांनी पत्रिका खिडकीशी तिरपी धरली. नव्या अक्षरांखाली जुन्या पेन्सिलीचे वळ उमटलेले होते, किंचित डावीकडे. त्यांनी पाहिले, मलाही दाखवले आणि म्हणाले, "तीनशे बारा. मिडगली, सी. टाइप कर."

सिरिल खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो ना, तर काल परत लिहिलं नसतं."

"माहितेय मला," विल्फ म्हणाला.

शताब्दीच्या दिवशी विल्फ फाटकावरच बसला होता. मैदानाकडे त्याची पाठ होती. मध्यंतरात मी चहा घेऊन गेले तेव्हा नावं पुकारून झाली होती.

"त्याला टाळ्या पडल्या?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे किती?" त्यानं विचारलं, आणि मी नीट सांगेपर्यंत कप हातात घेतला नाही.