नारिंगीवर अडलेला डोंगर

इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीच्या तळघरात बॉयलर सांभाळणारा एक माणूस होता. लॉन्ड्रीभर त्याचं नाव लाव्हासाहेब. जगात कुठल्याही ज्वालामुखीच्या डोंगराने जांभई दिली की याच्या फोनला आधी कळायचं. फोन वाफेच्या काट्याशेजारी तारेने टांगलेला. एक डोळा दाबावर, दुसरा सातासमुद्रापलीकडच्या विवरावर. विवर दिसायचं क्वचित, कॅमेऱ्यापुढे बहुतेक वेळा नुसतं धुकं. तो तेही मन लावून बघायचा.

वरून इस्त्रीवाल्या बायका जिन्यात ओरडायच्या, "अहो लाव्हासाहेब, फुटला का तुमचा डोंगर? नसेल तर थोडी वाफ इकडे पाठवा!" मुकादम तर त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करायचा. भुवया वर, आवाज खाली, घसा खाकरून, "हालचाल आहे... राखेचं काही सांगता येत नाही..." सगळे खो खो हसायचे. तोही हसायचा, आणि हसून झाल्यावर म्हणायचा, "पण हालचाल आहे हं."

घरी बायको या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. अंथरुणाला खिळलेली आई तेवढी चौकशी करायची, तीही सुनेच्या माहेरची करावी तशी.

"काय रे, तो तुझा बेटावरचा? ताप उतरला का त्याचा?"

"पिवळ्यावर आहे, आई."

"जप म्हणावं."

हे रंग विमानवाल्यांसाठी असतात. डोंगर निजलेला असला की हिरवा, चुळबुळायला लागला की पिवळा, फुटायच्या बेतात आला की नारिंगी, आणि फुटला की लाल. आईला आता ते घरातल्या माणसांच्या तब्येतीसारखे पाठ झाले होते.

मग एका बुधवारी डॉक्टर खाटेपासून दूर सरकून म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." बोलवायचा होता धाकटा. तो परदेशात नोकरीला. आईचे डोळे त्याच्याचसाठी दाराला लागलेले. तासाभरात त्याचा फोन आला.

"दादा, परवा पोचेन असं तिकीट मिळतंय. पण तुझ्या त्या बेटावर विमान बदलायचंय. तुला त्यातलं कळतं. घेऊ का?"

तुला त्यातलं कळतं. उभ्या आयुष्यात हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. डोंगर त्याच सकाळी नारिंगी झाला होता. नारिंगी झालेले कित्येक डोंगर महिनोन्‌महिने तसेच बसून राहतात, गुपचूप हिरवेही होतात, हे त्याला ठाऊक होतं. पण माणूस बॉयलरवाला. काटा लाल रेघेकडे सरकला की तो फुटायची वाट बघत नाही, आधीच आग कमी करतो. डोंगराला त्याने तोच न्याय लावला. भुवया वर गेल्या, आवाज खाली आला, घसा खाकरला गेला. मुकादम करायचा, हुबेहूब तसा.

"हालचाल आहे. राखेत अडकलास तर आठवडा जाईल. सोमवारचं घे, दुसऱ्या वाटेचं."

"नक्की ना, दादा?"

"अरे, मी सांगतोय ना!"

आईने खाटेवरूनच विचारलं, "कधी येतोय रे?"

"सोमवारी. वाटेत डोंगर तापलाय."

"मग थांबते की," आई म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

शुक्रवारी ते बेटावरून येणारं विमान वेळेवर उतरलं. शनिवारी दुपारी आई गेली. डोंगर नारिंगीवरच.

सोमवारी धाकटा आला. दारातून रिकामी खाट पाहिली आणि म्हणाला, "कुठाय तुझा डोंगर?" त्यानंतर थोरल्याशी त्याचं बोलणं बंद. मधे वहिनी. मीठ थोरल्याच्या कोपराशी असलं तरी, "वहिनी, मीठ द्यायला सांगा त्यांना." आजवर अरे-तुरे करणाऱ्या भावाचं ते 'त्यांना' थोरल्याला घासागणिक टोचायचं.

कामावर कुणी हाक मारेना, कुणी नक्कल करेना. तो फोनकडे बघत बसायचा आणि मनातल्या मनात विनवायचा, फूट रे बाबा. एकदाचा फूट. पायथ्याशी गावं आहेत, शाळा आहेत, हे त्याच्याइतकं लॉन्ड्रीत कुणाला माहीत होतं? तरी म्हणायचा, फूट.

आणि धाकट्याने परतायची बॅग भरली त्याच सकाळी फोन किंचाळला. पडद्यावर धूर आभाळाला भिडलेला. "लाल!" तो जिन्याच्या तोंडाशी धावला. "लाल झाला हो! बघा, म्हणालो होतो की नाही!"

वरच्या इस्त्र्या थांबल्या. कुणी हसलं नाही. मुकादम कठड्यावरून वाकला आणि स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "उशीर केला हो त्याने."

घरी परतला तेव्हा धाकटा बूट घालून आईच्या खाटेवर बसलेला, पायाशी बॅग. आभाळ बंद, तिकीट रद्द.

"वहिनी," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "विचारा त्यांना, विमानं कधी सुटतील. त्यांना त्यातलं कळतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. वारा कुठल्या दिशेचा, राख किती उंच चढलीय, कुठलं आभाळ आधी मोकळं होईल, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. घसासुद्धा आपोआप खाकरला गेला.

"सांग त्याला," तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही."

धाकट्याने वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, आणि बूट आईच्या खाटेखाली सारले.