अंबाड्यातला टेस्टर

आक्कांच्या अंबाड्यात टेस्टर असायचा. गल्लीतल्या बाकीच्या बायका तिथं गजरा माळायच्या. आक्का पिवळ्या मुठीचा टेस्टर खोचायच्या. देवळात जाताना तो असायचा, लग्नात रेशमी लुगड्यावरही असायचा. बोलता बोलता कुठे दिवा लुकलुकला की त्यांचा हात आपोआप मानेमागे जायचा. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत मांडवातली दिव्यांची माळ गेली, तर अंतरपाट दूर व्हायच्या आत आक्का स्टुलावर चढलेल्या होत्या. त्या लग्नाच्या सगळ्यात चांगल्या फोटोत नवरानवरीच्या मागे आक्कांची पाठ आली आहे.

मी लग्न होऊन वाईहून सांगलीला आले ती त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून. पहिल्या दिवशी खाली नमस्काराला गेले. मी वाकलेली असतानाच वरून प्रश्न आला, "मिक्सर आणलाईस का गं? बिघडला तर बाजारात न्यायचा न्हाई. मी मेली न्हाई अजून." नमस्काराला असा आशीर्वाद मला तोवर कुणी दिला नव्हता. अष्टपुत्रांपेक्षा तो बरा वाटला, हे मात्र खरं.

"आधी माणूस तपासायचं, मग मशीन," हे त्यांचं ब्रीद. माझा मिक्सर खरोखरच बंद पडला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला समोर बसवून चौकशी सुरू केली. काय वाटत हुतीस? किती घातलंस? पाणी का न्हाई घातलंस? कुणावर राग काढत हुतीस? चटणीत भरलेलं खोबरं आणि नवऱ्याशी झालेलं भांडण अशा दोन्ही गोष्टी मी कबूल केल्यावर त्यांनी मिक्सर उलटा केला, बुडाचं लाल बटण दाबलं आणि म्हणाल्या, "ह्याला काय झालं न्हाई. तुझ्या मालकाला खाली धाड." कोपऱ्यावरच्या काकूंचा फ्रिज गार होईना, तेव्हाही त्यांनी अशीच उलटतपासणी घेतली. काकूंच्या सासूबाई बिलाच्या भीतीनं सून बाहेर पडली की फ्रिज बंद करतात आणि तिची चाहूल लागली की चालू करतात, हे त्यातून बाहेर आलं. फ्रिज सुधारला. सासूसुना मात्र दिवाळीपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आक्का मूळच्या वडूजकडच्या. शाळा जेमतेम झालेली. नवरा मिलिटरीत, वायरलेसचे सेट दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. गल्ली त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. लग्नानंतर दाजी सुटी संपवून गेले की घरात आक्का, सासू-सासरे आणि वारंवार उडणारा फ्यूज एवढेच उरायचे. वायरमन बोलावला की उद्या येतो म्हणायचा. एका सुटीत दाजींनी बायकोसाठी हा टेस्टर आणला. "बाकीच्यांचे मालक साड्या आणायचे, पावडरीचे डबे आणायचे," आक्का सांगायच्या. "आमच्यांनी हे आणलं. मी रातभर तोंड फिरवून झोपले. सकाळी म्हणाले, साडी फाटंल, हे ऱ्हाईल. मग अंगणात हुबं करून फ्यूज कसा बांधायचा ते शिकवलं." एवढं सांगून त्या अंबाडा चाचपायच्या. मला दिसायचं ते एवढंच, की ही बाई माणूस घरी नसताना त्याची खूण डोक्यावर घेऊन हिंडते आहे.

मग दाजी रिटायर होऊन कायमचे घरी आले, आणि येताना कँटीनमधून मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन आले. गल्लीतला पहिला. हळदीकुंकवाला यावं तशा बायका नटूनथटून तो बघायला आल्या. त्यात काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळं करून पाहिलं. भाकरी ठेवली तर कौल बाहेर आलं. मग कुणीतरी अख्खं अंडं ठेवायला सांगितलं. त्याचा आत असा बार उडाला की दाजी सवयीनं जमिनीवर पालथे पडले. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या, आणि दाजी पडल्या पडल्याच म्हणाले, "ऑल क्लिअर हाय का?"

खरं तर तो ओव्हन त्यांनी एकाच कामासाठी आणला होता. चहा गरम करायला. दाजींना पेपर वाचत चहा प्यायची सवय, आणि पेपरात डोकं घातलं की चहा गार. "बर्फात ड्यूटी केली गं पोरी," ते मला एकदा म्हणाले. "पलटणीच्या लंगरमधनं च्याचा मग हातात येईस्तवर त्येचं सरबत हुयाचं. तवा ठरवलं हुतं, घरी गेलो की गार च्या पिणार न्हाई." दिवसातून कितीतरी वेळा ओव्हनचं चाक फिरायचं, टिंग व्हायचं आणि दाजी त्या कपाकडे अशा कौतुकानं बघायचे की आक्का म्हणायच्या, "माझ्याकडं कवा असं बघितलं न्हाई."

पण चहा पिऊन झाल्यावर दिवसभर करायचं काय? दाजींनी घराला शिस्त लावून पाहिली. पहाटे शिट्टी वाजवली, तर शेजारच्यांचा कुत्रा तेवढा हजर झाला. मग त्यांनी दुरुस्तीत हात घालायचं ठरवलं, पण तिथं आक्का होत्या. नळ गळायला लागला की दाजी पाना शोधायला जायचे आणि ते येईपर्यंत आक्कांनी चाकी बदललेली असायची. "ही बाई मला घरात येक बल्ब उडू देत न्हाई," ते माझ्या नवऱ्याजवळ कुरकुरले. अशातच खंडाळ्याहून त्यांच्या पलटणीतल्या मित्राचा निरोप आला. तिकडच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेखीची जागा आहे, राहायला खोली आहे, दिवाळीआधी येऊन तुझा होकार-नकार घेतो. दाजींनी ट्रंक बाहेर काढली.

"जाऊ म्हंतो," दाजी म्हणाले.

"जावा की," आक्का म्हणाल्या, आणि त्या दिवशी तांब्याचा बंब असा घासला की त्याचं पाणी उतरलं. मी म्हटलं, "आक्का, राहा म्हणा ना त्यांना." त्या घासता घासता थांबल्या. "सारा जन्म येष्टी स्टँडवर हुबं ऱ्हाऊन जावा म्हंत आले गं. ऱ्हावा म्हणायला जीभच वळत न्हाई. आन घरात त्यांना काम तरी काय हाय? सगळं तर मी करून ठेवते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी राखेवर ढकललं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आक्कांकडची खंडेनवमी बघण्यासारखी असायची. घरातलं प्रत्येक यंत्र पुसून, हळदीकुंकू लावून मांडलेलं. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, पाण्याची मोटर, आणि पाटावर सगळ्यांच्या मध्ये टेस्टर. वर्षातला तेवढाच एक दिवस अंबाडा मोकळा. त्या दिवशी कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, त्यांनाही विश्रांती. ओव्हन नवा, म्हणून त्याचा मान मोठा. दार उघडून आत नारळ, झेंडूचा हार, कुंकवात भिजवलेल्या अक्षता दोन्ही हातांनी. शेवटी आक्कांनी त्याला मनापासून नमस्कार केला आणि दार लावलं.

दसऱ्याच्या सकाळी दाजींनी नारळ बाहेर काढला, कप आत ठेवला, चाक फिरवलं. काही नाही. दिवा नाही, घरघर नाही, आतली काचेची थाळी फिरेना. सोनं लुटायच्या दिवशी घरातला एकुलता एक ओव्हन पार मेला.

आक्का पदर खोचून पुढे आल्या. पहिल्यांदा माणसं तपासली. सगळी निर्दोष निघाली. मग टेस्टर भिंतीच्या पॉइंटमध्ये घातला, त्याचा लाल डोळा लागला. त्याच पॉइंटवर टेबलफॅन लावला, तो झकास फिरला. मग ओव्हनचा प्लग उघडून आतल्या वायरी पाहिल्या, आवळल्या, प्लगच बदलला. ओव्हन ढिम्म. मागचं झाकण खोलायला त्यांनी स्क्रूला टेस्टर लावला मात्र, दाजी गरजले, "हात काढ! प्लग काढला तरी आत करंट दबा धरून बसलेला असतोय. झाकणाला कुणी शिवायचं न्हाई. ऑर्डर हाय." एव्हाना गल्ली जमली होती. कुणी म्हणालं, टीव्हीला मारतो तशी कुशीत एक थाप द्या. कोपऱ्यावरच्या काकू मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि त्यांनी ओव्हनची दृष्ट काढली. आम्ही सगळे ठसकलो, ओव्हनला काही झालं नाही.

"आक्कांना जमंना," ही बातमी आपट्याची पानं वाटता वाटता चार गल्ल्यांत पोहोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटी परत द्यायला खाली गेले. दाजी अंगणात ट्रंकेला तेल-पाणी करत होते. स्वयंपाकघरात आक्का एकट्याच ओव्हनसमोर बसल्या होत्या. प्लग काढलेला, दार उघडं. दाराचा आकडा चौकटीतल्या ज्या खाचेत जाऊन बसतो, तिच्यात त्या टेस्टरच्या टोकानं हळूच कोरत होत्या. खाचेतून एक लाल गोळी बाहेर आली. कुंकवात चिकटून वाळलेले दोन-तीन तांदूळ. त्यांच्याच हातच्या अक्षता! दार लागल्यासारखं दिसत होतं, पण आकडा आतलं बटण दाबायला पोचतच नव्हता, आणि दार उघडं आहे असं समजून ओव्हन गप्प बसला होता.

मी ओरडणारच होते. पण आक्का हसल्या नाहीत. ती गोळी तळहातावर घेऊन त्यांनी अंगणाकडे पाहिलं. दाजी ट्रंकेची कडी पुन्हा पुन्हा घासत होते. आक्कांनी बराच वेळ बघितलं. मग ती गोळी त्याच खाचेत ठेवली आणि टेस्टरनं नीट आत ढकलली. वळून पाहतात तर मी.

"काय बघितलंस?"

"काही नाही, आक्का."

"शाब्बास. वाटी ठेव आन जा."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी तरी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. आक्का म्हणायच्या, "आवं, तुमी बघा जरा." दाजी म्हणायचे, "न्हाई, तूच बघ. तुला जमंल." आक्का म्हणायच्या, "माझी अक्कल संपली." दाजी म्हणायचे, "अशी कशी संपंल? दाराबिराकडं बघ." वायरलेसचे सेट उघडून जन्म काढलेला माणूस, पण ओव्हनच्या वाऱ्याला उभा राहीना. आणि दोघंही समोरासमोर बसून, तोंड वाकडं करत, गार चहा पीत होते. गार झालेला चहा परत गरम करायला शेगडीवर भांडं ठेवायलाही कुणी तयार नव्हतं. ते करणं म्हणजे ओव्हन मेला हे मान्य करणं.

शेवटी खंडाळ्याचा मित्र यायचा दिवस उजाडला. ट्रंक दाराशी, गल्ली ओट्यावर. मित्र येऊन बसला, आणि आक्का त्याच्यासमोर गार चहाचा कप ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यास्नी न्यायचं तर न्या. पण आधी तेवढं मशीन सुरू करून जाऊ द्या. मला न्हाई जमत." आणि अंबाड्यातून टेस्टर काढून त्यांनी दाजींच्या हातात दिला. अंबाडा सुटून पाठीवर आला.  आक्कांनी 'मला न्हाई जमत' म्हटलेलं त्यांच्या सासूनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

दाजी टेस्टरकडे बघत राहिले. मग उठले, ओव्हनचा प्लग काढला, दार उघडलं आणि एकाच फटक्यात ती गोळी बाहेर काढली. प्लग लावला, चाक फिरवलं. दिवा लागला, थाळी फिरली, आणि टिंग झाल्यावर ओट्यावर टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, "दृष्ट काढली त्येचा गुण हाय." दाजींनी पहिला गरम कप आक्कांच्या हातात दिला. "घरात तुमी असताना मी कुणाकुणाला बोलवत बसू?" आक्का कपात बघत म्हणाल्या. मित्र दोन कप चहा पिऊन एकटाच खंडाळ्याला गेला.

पुढे गल्लीतल्या दुरुस्त्यांना दोघं जोडीनं जायला लागले. पुढे आक्का, अंबाड्यात टेस्टर. मागे दाजी, हातात पिशवी. माणूस आक्का तपासायच्या, मशीन दाजी. वाटेत दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं असायचं, आणि ते ऐकूनच लोक दार उघडून ठेवायचे.

माझ्या नवऱ्याची साताऱ्याला बदली झाली आणि ते घर सुटलं. काही वर्षांनी आक्का गेल्याचं कळलं. मी सांगलीला गेले तेव्हा दाजी एकटेच होते. पिवळ्या मुठीचा टेस्टर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांनी माझ्यासाठी चहा केला. जुन्या गोष्टी निघाल्या, ओव्हनची निघालीच.

"येक कुणाला सांगितलं न्हाई पोरी," दाजी म्हणाले. "त्यो तांदूळ मला दसऱ्याच्या सकाळीच दिसला हुता. चटकन काढला असता. पर सारी गल्ली तिच्याकडं बघत हुती. मी म्हागं नसताना तिनं येकटीनं नाव कमावलं, आन मी घरी येऊन ते माझ्या मशीनपायी घालवू? म्हटलं, तिच्याच हातानं निघू दे. पर तिला काय दिसंनाच बघ."

आक्कांनी मला 'काही नाही' म्हणायला लावलं होतं, आणि मी इतकी वर्षं ते पाळलं होतं. आता कुणासाठी पाळायचं? मी दाजींना ती दुपार सांगितली. उघडं दार, तळहातावरची गोळी, अंगणाकडे लागलेली नजर, आणि परत आत ढकललेल्या अक्षता.

दाजींनी खिशातला टेस्टर चाचपला. मग त्यांच्या पोटातून हसू आलं. खुर्ची हलायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही हसत होते, रडत होते, मला काही आवरत नव्हतं.

"म्हंजी तवा," दाजी डोळे पुसत म्हणाले, "आमी दोघंबी उगंच गार च्या पीत बसलो हुतो व्हय गं!"

ओव्हन कोपऱ्यात तसाच होता, चालू होता. आमच्या पुढ्यातला चहा केव्हाच गार झाला होता. तो गरम करायला दोघांतलं कुणीच उठलं नाही. आम्ही तो तसाच प्यायलो.