सिलिंडर नको म्हटलं ते मीच

पंपाचा आवाज थांबला तेव्हा मी आत चहाचं आधण ठेवत होते. शेजारची अनुसयाताई माझ्या घरामागच्या वाडीत तिच्या एअर रायफलमध्ये हवा भरत होती. तो फस्स... फस्स आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी यायचा, तसा त्या मंगळवारीही येत होता. मग तो थांबला. मला वाटलं, झाली भरून. मी आलं किसलं, चहा चांगला उकळू दिला, गाळला आणि दोन कप घेऊन बाहेर गेले. ती पंपाशेजारी कुशीवर पडली होती आणि एक हात अजून पंपाच्या दांड्यावर होता. मी कप आधी नीट टेबलावर ठेवले, मग ओरडले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. शेजारच्यांनी ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आणायच्या आधीच गेल्या. मी विचारलं, किती आधी? ते कागद भरायला लागले.

याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि नंतर आठ दिवस कागदाला हात लावला नाही, कारण तिच्याबद्दल लिहायचं तर त्या दुपारचंही लिहावं लागणार. दवाखान्यातून घरी आल्यावर, तिचा मुलगा खेमराज गोंदियाहून पोचायच्या आत, मी तो पंप उचलला आणि धानाच्या कोठीमागे लपवला. वर रिकामी पोती टाकली. खेमराज आला, माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, ‘‘मावशी, काय करून राहिली होती माय?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही रे, खुर्चीत बसली होती. बसल्या बसल्या गेली.’’ पुढे तेरवीपर्यंत जो भेटला त्याला मी हेच सांगितलं. कारण तो पंप मी घ्यायला लावला होता. मी तिला मारलं का, हा एकच प्रश्न घेऊन मी गेले पाच आठवडे उठते आणि झोपते.

अनुसयाताई नर्स होती. नागझिऱ्याच्या कडेच्या गावांमध्ये तिची नोकरी झाली. पोरांना लस टोचायला, बाळंतिणींना बघायला ती आधी लूनावर आणि मग स्कूटीवर जंगलातल्या रस्त्यांनी एकटी जायची. वाटेत वाघ दिसला तर काय करतेस, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, ‘‘थांबतो ना मी. त्याले जाऊ देतो. त्याले कायची घाई नसते.’’ मी इथे तिरोड्यातच शाळेत शिकवलं, तिच्या शेजारी तीस वर्षं राहिले आणि या तीस वर्षांत कशाला भ्याले नाही असं मला आठवत नाही. पालीला, विजेला, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला, अवेळी वाजणाऱ्या फोनला. गॅसची टाकी बदलायला मी तिला बोलवायची. ती यायची, रेग्युलेटर खट्कन बसवायची आणि म्हणायची, ‘‘कुसुम, तू जगतेस कशी, हेच मले समजत नाही.’’ मला राग यायचा, पण टाकी संपली की पुन्हा तिलाच हाक.

निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले. दोन वर्षांमागे डोळे तपासायला म्हणून ती भाच्याकडे नागपूरला दहा-बारा दिवस राहिली आणि परत आली ती निराळंच वेड घेऊन. भाचा तिला नेमबाजीच्या एका रेंजवर घेऊन गेला होता. तिथे तिने एक म्हातारा पाहिला, सत्तरी ओलांडलेला, हाताला कंप असलेला. तो खुर्चीत बसला, बंदूक टेबलावरच्या रेतीच्या थैल्यांवर टेकवली आणि पंचवीस मीटरवरच्या कागदावर एकेक छर्रा मारत गेला. त्या कागदावर पंचवीस बारीक गोल असतात, प्रत्येकाला एकच छर्रा. याला बेंचरेस्ट म्हणतात आणि याच्या स्पर्धा होतात. ‘‘बसून खेळायचा खेळ हाय, कुसुम!’’ ती अशी सांगत होती की जणू हा खेळ तिच्या गुडघ्यांसाठीच कोणीतरी काढला आहे. तिची वाडी आखूड. माझी लांब, टोकाला विटांची जाड भिंत. तिने पावलं मोजली, दोरी लावून पुन्हा मोजली आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी मात्र त्या रात्री भिंतीपलीकडून जाणारी गाय, शेळ्या, माणसं, सगळी डोळ्यांपुढे आणली. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, भिंतीपुढे मातीचा ढीग घालणार असशील तरच. तिने ढीग घातला.

सामान घ्यायला आम्ही दोघी नागपूरला गेलो. दुकानदार तरुण होता, दोन म्हाताऱ्या बघून आधी हसला, मग तिचे प्रश्न ऐकून सरळ बसला. नळी मोडून भरायची, आत स्प्रिंग असलेली स्वस्त बंदूक तिने हातात घेतली आणि परत ठेवली, कारण छर्रा सुटताना ती पुढेमागे हिसका देते आणि थैलीवर टेकवून मारताना तो हिसकाच नेम बिघडवतो, हे तिने भाच्याकडून शिकून घेतलं होतं. तिला हवी होती नळीखाली हवेची टाकी असलेली रायफल, जिला परवाना लागत नाही त्या ताकदीची. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, नये लोग सारा पैसा बंदूक पे लगाते हैं, फिर दूरबीन सस्ती लेते हैं. उल्टा करो.’’ तिने तसंच केलं. चांगली दुर्बीण, साधी रायफल, पुढे ठेवायला जड लोखंडी तिवई, मागे बंदुकीच्या दस्त्याखाली सशासारखे दोन कान असलेली थैली. दोन प्रकारचे छर्रे घेतले, बंदुकीला कोणता मानवतो ते मारून बघायला. हे सगळं निवडताना ती इतकी खुश होती की मीही माझं भ्यायचं विसरले होते.

मग हवेचा प्रश्न निघाला. दुकानदाराने मागून एक काळं, गुडघ्याएवढं सिलिंडर आणून ठेवलं. हे नागपुरात भरून न्यायचं, घरी नळी जोडायची, खटका फिरवायचा, बंदूक भरली. काही कष्ट नाहीत. मी विचारलं, आत हवा किती असते? तो म्हणाला, दाब तुमच्या स्कूटीच्या चाकात दोन, तर यात तीनशे. तीनशे! मी म्हटलं, ‘‘हे माझ्या घरात नाही येणार. हा बॉम्ब आणायचा असेल तर तू दुसरी जागा बघ.’’ तो बिचारा समजावत होता, तपासलेलं असतं, रायफलमध्येही दोनशे असतोच की. मी ऐकलं नाही. रायफलची टाकी लहान होती म्हणून तिची भीती वाटली नाही, सिलिंडर मोठं होतं म्हणून वाटली. माझ्या भीतीला तेवढीच अक्कल. अनुसयाताईने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, ‘‘पंप द्या.’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, हाथ से मारना पडेगा. साठ-सत्तर बार. आखिर में पूरा वजन डालना पडता है. इस उमर में...’’ ती म्हणाली, ‘‘मी अजून धान कांडतो, बाबू.’’ आणि विषय संपला. परतीच्या गाडीत मी लांबलचक बॅगेकडे बघत होते. स्टेशनवर एका पोलिसाने हटकलं, बॅगेत काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. अनुसयाताईने चेन उघडून दाखवली, पावती दाखवली आणि त्यालाच खेळ समजावत बसली. तो जाताना ‘सिस्टर, नेम लागला की सांगा’ म्हणून गेला.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हे मला सांगितलंच पाहिजे. मागच्या थैलीत आधी तिने धानाचा कोंडा भरला, तो दबायचा. मग वैनगंगेची रेती धुऊन, वाळवून, चाळून भरली, तेव्हा कुठे बंदूक हलेनाशी झाली. वारा बघायला सायकलच्या तारांना बँडेजच्या पट्ट्या बांधून तिने वाडीत चार निशाणं रोवली. मी एकदा शहाणपणाने गावाजवळच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर दाखवला, बघ वारा पश्चिमेचा आहे. ‘‘वरचा वारा वरच्याले,’’ ती म्हणाली, ‘‘माझा छर्रा खालून जाते.’’ छर्रे निवडायचं काम माझं. वाकड्या कडेचे बाजूला काढायचे. मी पोरांच्या वह्या तपासल्यासारखी चष्मा लावून एकेक तपासायची आणि नापास झालेले वेगळ्या डबीत टाकायची. ती बंदूक लावून बसली की अर्धा श्वास सोडून थांबायची आणि मीही मागे खाटेवर श्वास धरून थांबायची. पहिल्यांदा पंचवीसपैकी अकरा गोल नेमके फुटले, तेव्हा ती कागद घेऊन सगळ्या आळीत फिरली. येत्या हिवाळ्यात नागपूरच्या स्पर्धेत उतरायचं तिने ठरवलं होतं.

पंप मात्र रोज तीच मारायची. मी एकदाही मारला नाही, हेही लिहिते. वीसेक दाबे झाले की ती थांबायची, दगडावर बसायची. मी खिडकीतून विचारायची, काय झालं? ती म्हणायची, ‘‘पंप गरम झाला. थंडा होऊ दे.’’ आणि ते खोटं नव्हतं, पंपाबरोबर आलेल्या कागदातही तसंच लिहिलं होतं, मी स्वतः वाचलं होतं. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा. घाम कोणाला येत नाही? गेल्या महिन्यांत ती पंधरा दाब्यांवर थांबायला लागली, मग दहावर. मी म्हटलं, पंप जुना होतो आहे वाटतं. ती हो म्हणाली.

मागच्या रविवारी खेमराज सामान न्यायला आला. त्याने रायफल बॅगेत घातली, तिवई घेतली, निशाणं उपटली, आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, ‘‘मावशी, पंप कुठं हाय?’’ माझ्या छातीत असं काही झालं की मला वाटलं, आता माझाही नंबर. खोटं बोलता आलं असतं. मोडला म्हणून भंगारात दिला, असं तोंडावर आलं होतं. पण तो तिच्यासारखाच उभा होता, एका पायावर भार टाकून. मी कोठीमागून पोती काढली, पंप आणून त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. खुर्चीत नव्हती, पंप मारत होती, सिलिंडर नको म्हटलं ते मीच, आवाज थांबला तरी मी चहा उकळत राहिले...

तो खाटेवर बसला. पंपाचा दांडा त्याने एकदा दाबून बघितला. मग म्हणाला, ‘‘मायले दोन वर्षांआधी नागपुरात स्टेंट टाकला होता, मावशी. डोळे तपासाले नव्हती गेली. डॉक्टरनं सांगतलं होतं, दम लागन असं काही करू नको.’’

मी म्हटलं, ‘‘मला काऊन नाही सांगितलं?’’

‘‘तू भेतेस मनून. माय म्हणे, कुसुमले सांगशील तं ती उद्यापासून मले खुर्चीतून उठू देनार नाही. सिलिंडर मी आनून देतो म्हणलो, तं म्हणे, कुसुम वाडीत ठेवू देनार नाही. गोंदियाले चाल, मी जागा करून देतो म्हणलो, तं म्हणे, कुसुम तिकडं कायले येईन.’’ त्याने डोळे पुसले. ‘‘मी बी गप राहिलो. चूक माझी बी हाय.’’

मला तिचा राग आला. अजून आहे. वाघाला वाट देणारी बाई मला घाबरली, माझ्या भीतीला घाबरली आणि रोज सकाळी माझ्या खिडकीपुढे बसून पंप गरम झाला म्हणत राहिली. आणि मला बरंही वाटलं, याची लाज वाटते. थोडा वेळच वाटलं. कारण खेमराज गेल्यावर मी वाडीत एकटी उभी होते आणि लक्षात आलं, की भित्र्या माणसाला कोणी काही सांगत नाही. सगळे त्याला जपतात आणि तो समजतो की सगळं ठीक आहे. तीस वर्षं शेजारी राहून मला तिच्या हृदयाचं ठाऊक नव्हतं. मग दुसरं काय काय ठाऊक नसेल?

माझी मुलगी पुण्याला असते. दर रविवारी फोन करते, चांगली बोलते, हसते. दिवाळीपासून जावई फोनवर आलेले नाहीत. कामात आहेत, झोपलेत, बाहेर गेलेत. मी एकदाही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. उत्तराला भ्यायची म्हणूनच विचारला नव्हता.

अनुसयाताईची खुर्ची खेमराजने नेली नाही, राहू दे म्हणाला. मी त्या खुर्चीत बसले आणि फोन लावला. मुलगी म्हणाली, ‘‘आई, आज तूच कसा फोन केलास?’’ मी म्हटलं, ‘‘तू माझ्यापासून काय लपवून राहिली आहेस, ते सांग.’’ पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती हळू म्हणाली, ‘‘आई... तू बसली आहेस का?’’

अनुसयाताई सोडायची तसा मी अर्धा श्वास सोडला. मी कोपर टेबलावर टेकवले.

‘‘बसली आहे,’’ मी म्हटलं. ‘‘सांग.’’